दुकानाला कुणी मुद्दाम आग लावली तर? नागपूरच्या व्यापाऱ्यांसाठी आगीच्या विम्याची सविस्तर वाट

गांधीबागेतला कापडाचा ठोक व्यापारी असो, कळमन्यातला मिरचीचा अडत्या असो की हिंगणा एमआयडीसीतला छोटा कारखानदार, आगीच्या विम्याबद्दल एक समजूत बहुतेकांच्या डोक्यात पक्की असते: शॉर्टसर्किटने आग लागली तर क्लेम मिळतो, कुणी लावली तर मिळत नाही. या समजुतीपायी काही जण क्लेमच टाकत नाहीत. काही जण तर कुणीतरी आग लावल्याचं डोळ्यांना दिसत असूनही ‘शॉर्टसर्किट झालं असावं’ असं लिहून देतात. हे जास्त वाईट. पुढे विद्युत निरीक्षकाच्या तपासणीत वायरिंग ठीक निघतं, खोटं निवेदन दिल्याचा ठपका बसतो आणि जो क्लेम सरळ मिळाला असता तोच अडकतो.

नियम साधा आहे. आग कुणी लावली यापेक्षा त्यात विमाधारकाचा हात होता का, हे महत्त्वाचं. वैरातून, धंद्यातल्या चढाओढीतून, कामावरून काढलेल्या माणसाने रागातून किंवा दंगलीत जमावाने आग लावली, आणि मालकाचा त्याच्याशी काही संबंध नसेल, तर ते विम्यात बसणारं नुकसान आहे. वर्षानुवर्षं चालत आलेल्या ‘स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स’ पॉलिसीत, म्हणजे बोलण्यातल्या एसएफएसपीत, एक अट आहे: नुकसान विमाधारकाच्या हेतुपुरस्सर कृत्यामुळे किंवा त्याच्या संगनमताने झालं असेल, किंवा क्लेम लबाडीचा असेल, तर पॉलिसीचे सगळे लाभ जप्त होतात. ही रेघ मालकासाठी आखलेली आहे, परक्या माणसाच्या गुन्ह्यासाठी नाही.

सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं आहे. कर्नाटकातल्या एका शीतगृहाला लागलेल्या आगीचा खटला २०२० साली निकाली निघाला. कॅनरा बँक विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स असा तो वाद. आग नेमकी कशाने लागली हे ठरवता आलं नाही तरी विमाधारक स्वतः आग लावणारा किंवा लावायला लावणारा नसेल तर कारण गौण ठरतं, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. २०२३ मध्ये न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध मुदित रोडवेज या गोदामाच्या आगीच्या प्रकरणात तीच पुन्हा मांडली. हे दोन निकाल लक्षात ठेवा, पत्रव्यवहारात उपयोगी पडतील.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवण्यात अर्थ नाही. स्वतःच्याच मालाला आग लावून विमा घेऊ पाहणाऱ्यासाठी कायदा कडक आहे. ‘माल माझा, जाळला तर कुणाचं काय गेलं’ हा युक्तिवाद चालत नाही. विमा उतरवलेलं जहाज मालकानेच विमा कंपनीचं नुकसान करण्यासाठी जाणूनबुजून बुडवलं तर तो आगळीकीचा (मिस्चिफचा, म्हणजे मालमत्तेचं मुद्दाम नुकसान करण्याचा) गुन्हा ठरतो, हे उदाहरण जुन्या भारतीय दंड संहितेतच दिलेलं होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते आहे. आग लावून केलेल्या आगळीकीला कलम ३२६ लागतं. राहतं घर किंवा माल साठवायची इमारत नष्ट करण्यासाठी आग लावली असेल तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. वर फसवणुकीचं कलम वेगळं. आणि इतवारीसारख्या दाटीच्या वस्तीत एका दुकानाची आग एकाच दुकानापुरती राहत नाही.

पहिली पायरी: आग लागण्याआधी पॉलिसी उघडून वाचा

आपली पॉलिसी कोणत्या प्रकारची आहे ते आजच बघा. १ एप्रिल २०२१ पासून एकाच ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’, ५ ते ५० कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ अशा प्रमाणित पॉलिसी आल्या. त्यावरच्या मोठ्या उद्योगांसाठी एसएफएसपी किंवा कंपनीचं स्वतःचं उत्पादन.

पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे तपशिलाच्या पानावर, ‘रायट, स्ट्राइक अँड मलिशस डॅमेज’ हे शब्द शोधा. बाजारात याला आरएसएमडी म्हणतात. दंगल, संप आणि कुणी खोडसाळपणे केलेलं नुकसान यात येतं. भारत सूक्ष्म आणि लघु पॉलिसीत ते मूळ संरक्षणातच आहे. एसएफएसपीत मात्र हप्ता कमी करण्यासाठी आरएसएमडी काढून टाकायची सोय असते, आणि काही एजंट ‘हप्ता वाचवून दिला’ म्हणून ती परस्पर वापरतात. असं झालं असेल तर मुद्दाम लावलेल्या आगीचा क्लेम थेट वादात सापडतो. थोड्या हप्त्यासाठी हे संरक्षण सोडू नका, हा माझा आग्रह आहे. नागपूरला १७ मार्च २०२५ ची रात्र विसरता येणार नाही. महाल, हंसापुरी भागात दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. रस्त्यावर उभी गाडी जळाली तर तिचा क्लेम दुकानाच्या पॉलिसीत येत नाही, तो मोटार पॉलिसीतून. तिथेही नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर हातात काही पडत नाही.

दहशतवादी कृत्य हा स्वतंत्र विषय आहे. एसएफएसपीत ते वगळलेलं असतं आणि जादा हप्ता भरून घ्यावं लागतं. तुमच्या पॉलिसीत टेररिझमचं कलम जोडलेलं आहे का, तेवढं तपासा.

आरएसएमडीच्या कलमातल्या वगळण्या कुणी वाचत नाही आणि फटका तिथेच बसतो. चोरी, घरफोडी यात येत नाही. समजा चोरांनी शटर वाकवून माल नेला आणि जाताना पुरावा नको म्हणून काडी लावली. जळालेला माल आगीच्या पॉलिसीत बसेल, नेलेला माल बसणार नाही. त्यासाठी बर्गलरी पॉलिसी वेगळी लागते, आणि तिलाही दंगलीतली लूट चालायला हवी असेल तर आरएसएमडीची जोड घ्यावी लागते. भारत सूक्ष्म आणि लघु पॉलिसीत विम्यातल्या घटनेनंतर ७ दिवसांच्या आत त्याच जागेतून झालेली चोरी धरली जाते, हा चांगला बदल आहे. काम बंद पडल्यामुळे बुडालेला नफा मूळ पॉलिसीत नसतोच. तो हवा असेल तर फायर लॉस ऑफ प्रॉफिट पॉलिसी.

जुन्या एसएफएसपीच्या याच कलमात आणखी एक वाक्य आहे. नुकसान खोडसाळ कृत्याने झालेलं नाही असं कंपनी म्हणाली तर ते तसं झालं हे सिद्ध करायची जबाबदारी विमाधारकावर टाकलेली आहे. म्हणून पुरावा गोळा करायला पहिल्या दिवसापासून लागायचं.

दोन गोष्टी खास इथल्या धंद्यांसाठी. कापूस, सरकी, तेलबिया, भुसा असा माल आपोआप तापून पेटतो, आणि त्या मालाचं तसं झालेलं नुकसान मूळ पॉलिसीत वगळलेलं असतं. नागपूरच्या मे महिन्यात कापसाच्या गोडाऊनला कुणी आग लावली तरी ‘माल आपोआप पेटला’ हा मुद्दा पुढे येऊ शकतो. स्पॉन्टेनियस कम्बश्चनचं ॲड-ऑन घेतलं की तो वादच उरत नाही. दुसरं, बंद पडलेली जागा. एसएफएसपीत इमारत सलग ३० दिवसांहून जास्त रिकामी राहिली आणि कंपनीला कळवून मंजुरी घेतली नाही तर संरक्षण थांबतं. बुटीबोरीत अशा कुलूपबंद शेड पुष्कळ आहेत, आणि आग लावणाऱ्याला तीच सोपी पडते.

विम्याची रक्कम खऱ्या किमतीइतकी ठेवा. गोडाऊनमध्ये माल ८० लाखांचा, विमा ५० लाखांचा, जळाला २४ लाखांचा. हातात २४ येणार नाहीत. पन्नास-ऐंशीच्या प्रमाणात १५ लाख येतील, त्यातून पॉलिसीतली एक्सेसची, म्हणजे विमाधारकाने स्वतः सोसायची, रक्कम आणखी कापली जाईल. भारत सूक्ष्म आणि लघु पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, पण या उदाहरणातली तूट त्याच्या कितीतरी पुढे आहे. रक्कम ठरवताना जीएसटीही विचारात घ्या. नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे परत करावं लागतं. क्लेममध्ये कर धरलेला नसेल तर तो खिशातून जातो.

दुसरी पायरी: आग लागली त्या रात्री

आधी माणसं बाहेर काढा, मग १०१ किंवा ११२. शहरात महापालिकेचं अग्निशमन पथक येतं, हिंगणा-बुटीबोरीत एमआयडीसीचं.

आग विझली की सगळ्यांना साफसफाईची घाई होते. थांबा. मुद्दाम लावलेल्या आगीचा पुरावा राखेतच असतो: शटरचं तुटलेलं कुलूप, खिडकीच्या फुटलेल्या काचा आत पडल्यात की बाहेर, रॉकेल-पेट्रोलचा वास, कोपऱ्यातली अनोळखी कॅन, एकाच वेळी दोन-तीन वेगळ्या जागी पेटल्याच्या खुणा. मोबाईलवर व्हिडिओ काढा, दारापासून आतपर्यंत न थांबता, मग एकेका जागेचे जवळून फोटो. सीसीटीव्हीचा डीव्हीआर जळाला असला तरी फेकू नका. आतली हार्ड डिस्क पुष्कळदा वाचलेली असते. शेजारच्या दुकानांचं फुटेज त्याच दिवशी मागा, कारण डीव्हीआर काही दिवसांनी जुन्या चित्रणावर नवं चढवत जातो.

वाचलेला माल पावसापाण्यापासून, चोरीपासून सांभाळणं मात्र तुमचंच काम आहे. ताडपत्री टाका, चौकीदार ठेवा, खर्चाच्या पावत्या जपा.

विमा कंपनीला लगेच कळवा. टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवून क्लेम नंबर घ्या आणि वर ईमेल टाका. संचारबंदी लागली, जागेवर पोचता येत नाही, तरी ईमेलला अडचण नाही. मजकूर थोडा आणि खरा असू द्या: वेळ, ठिकाण, काय जळालं, अंदाजे रक्कम, अग्निशमन आणि पोलिसांना कळवलं आहे. कारण माहीत नसेल तर ‘कारण तपासाधीन’ एवढंच लिहा. एसएफएसपीच्या अटीप्रमाणे नुकसानीचा तपशीलवार क्लेम १५ दिवसांत द्यायचा असतो. जास्त वेळ लागणार असेल तर तसं लिहून मुदत मागून घ्या.

तिसरी पायरी: पोलीस ठाणं आणि आगीचा दाखला

आगीच्या बऱ्याच घटना पोलीस ठाण्यात ‘आकस्मिक जळीत’ म्हणून नोंदल्या जातात. तेवढ्याने क्लेम बुडत नाही, आग ही आगच असते. पण कुणी आग लावल्याच्या ठोस खुणा असतील तर लेखी फिर्याद द्या आणि गुन्हा नोंदवायला सांगा. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ठाण्यात दाद लागली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली वरिष्ठांकडे लेखी अर्ज करता येतो. शहरात पोलीस आयुक्तालय, ग्रामीण हद्दीत पोलीस अधीक्षक.

नाव घेताना सांभाळा. नुसत्या जुन्या भांडणावरून शेजाऱ्याचं किंवा माजी नोकराचं नाव फिर्यादीत ठोकून दिलं आणि तपासात ते टिकलं नाही, तर तुमच्या सगळ्या निवेदनावरचा विश्वास जातो. ‘अज्ञात इसमाने’ लिहा, धमक्या आल्या असतील तर त्यांचे मेसेज जोडा, संशय असेल तर संशय म्हणूनच मांडा.

तपासाचा शेवट कसा होतो यालाही महत्त्व आहे. आपल्याकडे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही तर ‘ए समरी’ होते, फिर्याद खोटी ठरली तर ‘बी समरी’, आणि गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची निघाली तर ‘सी समरी’. ए समरी तुमच्या बाजूची आहे, तिची प्रमाणित प्रत कंपनीला द्या. आरोपी सापडेपर्यंत क्लेम थांबवून ठेवायचं मात्र काही कारण नाही. आग लावणारा कधीच सापडला नाही तरी नुकसान झालेलं असतंच.

पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहा आणि जळालेल्या वस्तूंची यादी त्यात नीट येऊ द्या. अग्निशमन विभागाकडे आगीच्या अहवालासाठी अर्ज करा. राखेचे नमुने न्यायसहायक प्रयोगशाळेकडे पाठवण्याची विनंती तपास अधिकाऱ्याला लेखी करा. ज्वलनशील द्रवाचे अंश वेळ जाईल तसे उडून जातात, म्हणून हा अर्ज पहिल्या दोन दिवसांतच जायला हवा. विद्युत निरीक्षकाचा अहवालही मागा. वायरिंगमध्ये दोष नव्हता हे सिद्ध झालं तर ते तुमच्याच बाजूचं आहे.

आणि बाजारातली एक सवय इथे सोडावी लागते. आग लावणारा ओळखीचा निघाला की मध्यस्थ बसतात, ‘मिटवून टाका’ म्हणतात. क्लेम दिल्यावर गुन्हेगाराकडून पैसे वसूल करायचा हक्क विमा कंपनीकडे जातो. कंपनीला न विचारता तुम्ही आपसात तडजोड केली तर तो हक्क मारला जातो आणि तुमचा क्लेम अडचणीत येतो.

चौथी पायरी: सर्व्हेयर आणि मालाचा हिशेब

विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेयर, म्हणजे नुकसान मोजणारा तज्ज्ञ, नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत यायचा आणि त्यानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. मोठ्या आगीत प्रत्यक्षात वेळ लागतो. तरी या मुदती पत्रात लिहिल्या की फाइल हलते.

सर्व्हेयर काय बघतो? कापडाच्या गोडाऊनचं उदाहरण घ्या. घट्ट बांधलेली गाठ बाहेरून कोळसा झालेली असते आणि आतलं थान नुसतं धुराने पिवळं पडलेलं असतं, कधी तर कोरं निघतं. सर्व्हेयर गाठी सोडवून घेतो आणि तीन ढीग करतो: पूर्ण जळालेलं, पाण्या-धुराने बिघडलेलं, चांगलं. मधल्या ढिगाची जी किंमत येईल ती सॅल्व्हेज म्हणून क्लेममधून वजा होते. त्यामुळे तो ढीग होत असताना तुमचा जाणता माणूस तिथे हवा. कुठल्या थानाला दर येईल आणि कुठल्याला कुणी हात लावणार नाही, हे त्यालाच कळतं. रोजची मोजणी कागदावर घेऊन दोघांच्या सह्या करा. भंगारवाल्याला सर्व्हेयरच्या लेखी परवानगीशिवाय काही विकू नका.

राखेतून माल मोजता येत नाही, तो वह्यांमधूनच मोजला जातो. खरेदी-विक्रीची बिलं, ई-वे बिलं, जीएसटीची विवरणपत्रं, मागच्या वर्षाचा ताळेबंद आणि बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट.

या शेवटच्या कागदावर मी मुद्दाम थांबतो, कारण प्रामाणिक व्यापाऱ्यांचे क्लेमही इथेच फसताना दिसतात. कॅश क्रेडिटची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे मालाच्या किमतीवर बँकेतून उचलता येणारी रक्कम, टिकवायला बँकेला माल ९० लाखांचा दाखवलेला असतो आणि जीएसटी विवरणांवरून तो ५५ लाखांचा निघतो. सर्व्हेयर दोन्ही कागद शेजारी ठेवतो. आग दुसऱ्या कुणी लावली असली तरी आता प्रश्न तुमच्या खरेपणाचा होतो: बँकेला खोटं सांगितलं की विमा कंपनीला सांगताय? याला आगीनंतर उपाय नाही. स्टेटमेंट दर महिन्याला खरं द्या. टॅलीचा बॅकअप दुकानाबाहेर किंवा क्लाउडवर ठेवा. महिन्यातून एकदा गोडाऊनचा तारखेसह व्हिडिओ काढून सीएला पाठवून ठेवा.

मालावर बँकेचं कर्ज असेल तर क्लेमचा पैसा पॉलिसीतल्या बँक क्लॉजप्रमाणे आधी बँकेकडे जातो. म्हणून बँकेलाही त्याच दिवशी कळवा.

पाचवी पायरी: संशय तुमच्यावरच आला तर

कंपनी सर्व्हेयरच्या जोडीला खासगी तपासनीस पाठवू शकते. तो काय शोधतो ते माहीत असावं. धंदा तोट्यात होता का, आगीच्या थोडं आधी विम्याची रक्कम वाढवली का, माल आदल्या दिवशी हलवला का, कुलूप न तुटता आग आतून लागली का, कॅमेरे त्याच रात्री बंद होते का. यातलं काही तुमच्याबाबत खरं असेल तर लपवू नका, कारण सांगा. सणासाठी माल भरला म्हणून रक्कम वाढवली असेल तर खरेदीची बिलं जोडा. कर्ज होतं तर होतं. कर्जबाजारी असणं म्हणजे आग लावणं नव्हे.

तोंडी जबाब देऊन मोकळं होऊ नका. प्रश्न लेखी मागा, उत्तरं लेखी द्या, प्रत ठेवा. भागीदारीत एका भागीदारावर आरोप असेल तर बाकीच्यांनी लगेच स्वतःचा वकील गाठावा. विमा फर्मच्या नावावर एकत्र असतो आणि तिथला कायदेशीर पेच एजंटकडून सुटणारा नसतो. नोकराने मालकाला अंधारात ठेवून आग लावली असेल तर ती गोष्ट वेगळी आहे. त्याचं कृत्य आपोआप मालकाचं होत नाही.

आरोप सिद्ध कुणी करायचा, याबाबत २०२३ चा एक निकाल फार उपयोगी आहे: नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध वेदिक रिसॉर्ट्स अँड हॉटेल्स. कोलकात्याजवळच्या रिसॉर्टवर २००९ साली जमाव चालून गेला, जाळपोळ झाली. मालकांच्याच वागण्यामुळे हे ओढवलं असं म्हणत कंपनीने क्लेम नाकारला. पॉलिसीतल्या वगळणीचा आधार घ्यायचा तर ती लागू होते हे कंपनीने सिद्ध करायला हवं, आणि ते झालेलं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. नुसत्या संशयावर क्लेम नाकारल्याचं पत्र आलं तर उत्तरात हा निकाल नावानिशी लिहा.

सहावी पायरी: क्लेम नाकारला किंवा कापला तर

नकार लेखी घ्या, पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली ते विचारा आणि सर्व्हेयरच्या अहवालाची प्रत मागा. ती मागायचा तुम्हाला हक्क आहे. कमी रक्कम पुढे केली आणि पैशाची निकड असेल तर डिस्चार्ज व्हाउचरवर (रक्कम स्वीकारल्याच्या पावतीवर) सही करताना ‘हरकत राखून स्वीकारले’ असं लिहा आणि त्याच दिवशी हरकतीचा ईमेल पाठवा.

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करायची, सोबत नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. नागपूरसाठी तो पुण्याला आहे. एकट्या मालकीचा धंदा किंवा सूक्ष्म उद्योग असेल तर ५० लाखांपर्यंतच्या वादात तिथे विनामूल्य दाद मागता येते, कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत. उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र सोबत लावा.

रक्कम मोठी असेल किंवा उद्योग लघु-मध्यम गटातला असेल तर ग्राहक आयोग. ‘धंद्यासाठी घेतलेला विमा म्हणजे तुम्ही ग्राहक नाही’ हा जुना आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हरसोलिया मोटर्सच्या प्रकरणात फेटाळला आहे. २०१९ च्या कायद्यात कोणत्या आयोगाकडे जायचं हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, भरलेल्या मोबदल्यावर ठरतं, आणि ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोगच. हप्ता त्याच्या कितीतरी खाली असतो. त्यामुळे कोटीचा क्लेम असला तरी नागपूरच्या व्यापाऱ्याला नागपूरच्या जिल्हा आयोगातच तक्रार दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती थांबत नाही.